टंचाईतलं माळवं



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो ते शिक्षक होते, आणि हातात खुरपं धरायला न लाजणारे शिक्षक होते. त्यामुळे विषय निवडताना मला फार शोधाशोध करावी लागली नाही. आज मी आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या परसाबद्दल बोलणार आहे. घरामागचे चार वाफे, विहिरीजवळचं माळवं, बांधावरची अंबाडी, माळवदावर चढवलेला दोडक्याचा वेल, आणि खताची गोणी न फोडता हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या माणसांची, त्यातही बायकांची विद्या, हा माझा विषय आहे.

सेंद्रिय शेती म्हटलं की हल्ली लगेच कृतींची यादी सुरू होते. इतकं शेण, इतकं गोमूत्र, इतका गूळ, इतके दिवस आंबवा, इतक्या पाण्यात मिसळा. कृती उपयोगाच्या असतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण आपल्या आज्या-पणज्यांचं शहाणपण अशा यादीत मावत नाही. त्यांनी घर, गोठा, परस आणि रान एकमेकांत गुंफलं होतं. घरातून निघेल ते रानात जाई, रानातून निघेल ते घरात येई, आणि मधे काही वाया घालवण्याची कुणाची ऐपतच नव्हती. ही घडी टंचाईने बसवली. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ज्या जिल्ह्याला पाण्याची टंचाई पुढेही सोसायची आहे, त्याने टंचाईत घडलेली ही विद्या पारखून वापरात ठेवली पाहिजे. आणि ती वापरात राहायची असेल, तर जिच्या हातांनी ती आजवर चालवली त्या बाईच्या हाती जमिनीचा निर्णय दिला पाहिजे.

आपला मुलूख कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. बालाघाटच्या डोंगररांगा, माथ्यावर मुरमाड हलकी रानं, तेरणेच्या आणि मांजरेच्या काठाला भारी काळी माती, पश्चिमेला परंड्याकडे सीना. पाऊस बेभरवशाचा. मृगात येतो, मग महिनाभर तोंड फिरवतो, आणि उत्तरा-हस्तात कधी असा कोसळतो की बांध फुटतात. अशा ठिकाणी माळवं पिकवणं म्हणजे दर वर्षी नव्याने हिशोब मांडणं. कोकणात परसात काही लावलं तर पाऊस ते सांभाळतो. आपल्याकडे आठ महिने माणसानेच सांभाळावं लागतं.

या हिशोबात जुनी माणसं कुठवर पोहोचली होती ते पाहायचं असेल, तर मार्गशीर्ष अमावास्येला पाहावं. आपली येळवस. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि सीमेपलीकडचे कर्नाटकातले शेजारी तालुके, एवढ्या पट्ट्यात हा सण जितक्या मनापासून साजरा होतो तितका इतर कुठे होत नाही. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते, आत पांडव म्हणून पाच दगड चुना-काव लावून मांडले जातात. आंबिलीचं बिंदगं डोक्यावरून येतं. बाजरीचे उंडे, कोंदीच्या पोळ्या, खीर, आणि या सगळ्यांच्या मध्यभागी भज्जी.

भज्जी हा पदार्थ बाहेरच्या माणसाला एका वाक्यात समजावता येत नाही. तुरीचे सोले, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालपापडी, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगी, कवळी बोरं, जे रानात असेल ते सगळं एका भांड्यात शिजतं, डाळीच्या पिठाने दाटतं आणि ताकाने किंवा चिंचेने आंबट होतं. मला ही भज्जी म्हणजे रानाने वर्षातून एकदा दिलेली हजेरी वाटते. ज्या घरच्या भज्जीत जितके जिन्नस रानातले, तितकं ते रान घराला पोसायला समर्थ. पूर्वी या दिवशी बाजारातून मीठ आणि फार तर गूळ यायचा. आता भज्जीच्या भाज्यांचं तयार मिश्रण आदल्या दिवशी बाजारात विकायला असतं. आपण ते घेऊन त्याच रानात जातो, आणि रानात सोयाबीन निघाल्यानंतरची मोकळी जमीन असते. सण तोच राहिला, पण हजेरीला उभं राहणारे बहुतेक जण निघून गेले.

ते जिन्नस एका रानात येत कसे होते? बाजरी पेरताना तिच्यात तुरीच्या ओळी असत, मूग, मटकी, हुलगा, तीळ, कारळं असे, कडेला अंबाडी असे. रब्बीच्या ज्वारीत हरभरा आणि जवस, आणि रानाभोवती करडईच्या ओळी, कारण करडईच्या काट्यांमुळे मोकाट जनावर आत तोंड घालत नाही. कुंपणालाही पैसा नको, आणि त्याच कुंपणाचं पुढे घाण्यावर तेल निघे. ही मिसळ अंदाधुंद नव्हती. तुरीचं मूळ खोल जातं, ज्वारी-बाजरीची मुळं वरच्या थरात पसरतात, त्यामुळे दोघी एकाच घोटासाठी भांडत नाहीत. मूग-मटकी लवकर निघून जातात आणि मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र जमिनीला देऊन जातात. आणि पावसाने एका पिकाला दगा दिला तर दुसरं हाताशी लागतं. जिथे पीकविमा नावाची गोष्ट नव्हती, तिथे हाच विमा होता.

यात न पेरलेल्या भाज्याही धरा. तांदुळजा, घोळ, पाथरी, चंदनबटवा, केना, कुर्डू. खुरपायला बसलेली बाई तण उपटताना निवडत जायची. अर्धं तण जनावराच्या पाटीत आणि अर्धं तिच्या ओट्यात. तणनाशकाच्या फवाऱ्याला ही निवड करता येत नाही. त्याने मजुरी वाचते हे खरं, पण पावसाळ्यात लोह आणि जीवनसत्त्वं देणारी फुकटची ताटभर भाजी त्याबरोबर जाते, आणि हा तोटा कुणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

आता मातीकडे येतो, म्हणजेच उकिरड्याकडे. आपण उकिरडा म्हणताना नाक मुरडतो. जुन्या घरांत दिवाळीला उकिरड्यावरही पणती लागत असे. शेण, गोठ्यातला उष्टावळा कडबा, अंगणातला केर, चुलीची राख, परसातला पालापाचोळा, सगळं रोज तिथे जाई आणि उन्हाळ्याच्या शेवटी बैलगाडीतून रानात. गोठ्याच्या जमिनीतली मूत मुरलेली माती खणून काढत आणि तिच्या जागी नवी माती भरत. यात मोठं शास्त्र आहे, कारण जनावराच्या मुतात शेणापेक्षा नत्राचं प्रमाण जास्त असतं, आणि ते धरून ठेवायला माती लागते.

आल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने ही गोष्ट ओळखली. तो १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे आला तो आधुनिक शेती शिकवायला, पण हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडींना त्याने आपले गुरू मानलं. पुढे होळकरांच्या इंदूरमध्ये, १९२४ ते १९३१ या काळात, त्याने कंपोस्टची जी पद्धत बसवली तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. काडीकचरा, शेण, मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर, पुरेसा ओलावा, ठरावीक वेळाने उलथापालथ, आणि सुमारे तीन महिन्यांत तयार खत. १९४० साली आलेल्या त्याच्या पुस्तकातून युरोप-अमेरिकेतल्या सेंद्रिय चळवळीला बळ मिळालं. म्हणजे जी गोष्ट आपण आज परदेशी शब्दांत विकत घेतो, तिच्या घडणीत आपल्या उकिरड्याचा मोठा वाटा आहे. हॉवर्डने त्यात भर काय घातली तेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. हवा, ओल आणि थर यांची शिस्त. आपला उकिरडा बहुधा उघडा पडलेला असे, उन्हाने वाळे, पावसाने धुपे, आणि त्यातलं बरंचसं नत्र हवेत जाई. सावलीतला, मातीने लिंपलेला, वेळोवेळी उलथलेला ढीग जास्त देतो. जुन्याचा मान राखायचा तर त्यातली उणीवही दुरुस्त करायला हवी.

लेंडीखताबद्दल विशेष बोललं पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्याचं जुनं नाव घेऊन उस्मानाबादी शेळी देशभर पोहोचली आहे. काळीभोर, काटक, अनेकदा जुळी देणारी. ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे, अशा घरांतल्या बायकांनी ती सांभाळली. तिच्या लेंडीत शेणापेक्षा नत्र जास्त. धनगरांची मेंढरं रानात बसवायची आणि त्याबद्दल धान्य द्यायचं, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे, त्यातही झाडाला फळ धरण्यासाठी शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांची भुकटी सांगितली आहे. सहाव्या शतकातला तो ग्रंथ आणि भूम-परंड्याच्या माळावरची शेळीवाली बाई यांचं इथे एकमत आहे. फक्त लेंडी ताजी टाकू नये. ती कठीण असते, कुजायला वेळ घेते आणि तिच्यातून बाभळीचं, तणाचं बी रानात जातं. ती कुजवून, कुटून टाकावी. हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

मग इतकं चांगलं खत हरलं कशाने? साधं गणित आहे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असतं, म्हणजे एका टनात पाच किलो. युरियात ४६ टक्के. ४५ किलोच्या एका गोणीत वीस किलोंहून जास्त. एका गोणीइतकं नत्र द्यायला चार टन शेणखत वाहावं लागतं, आणि युरियाची गोणी सायकलवर येते. ज्याची पाठ दुखते त्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. पण गोणी फक्त नत्र देते. शेणखत मातीला सेंद्रिय कर्ब देतं, तिची भुसभुशीत रचना टिकवतं आणि पाणी धरायची ताकद वाढवतं. पाऊस तोंड फिरवतो त्या महिनाभरात हाच फरक पीक जगवतो किंवा मारतो. टंचाईच्या मुलखात खताची किंमत नत्रात मोजून भागत नाही, ओलीत मोजावी लागते.

आता पाण्याचं. आपल्या परसाला स्वतंत्र पाणी कधीच नव्हतं. आड शेंदून आणलेलं पाणी आधी माणसाला, मग जनावराला. परसाला मिळे ते न्हाणीचं आणि भांडी घासल्याचं. म्हणून अळू, कढीपत्ता, लिंबू, शेवगा न्हाणीच्या उताराला असत. भांडी राखेने घासली जात, डोकं शिकेकाईने धुतलं जाई, त्यामुळे ते पाणी झाडाला चालत असे. आज तीच न्हाणी परसाला जोडताना थांबून विचार करावा लागतो. कपड्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. काळ्या मातीत सोडियम साठत गेलं की तिचे कण सुटे होतात, ती थापीसारखी घट्ट बसते आणि पाणी मुरेनासं होतं. भाज्या धुतल्याचं पाणी खुशाल द्या, पण कपड्याचं पहिलं पाणी वेगळं काढा. जुनी रीत जशीच्या तशी उचलून चालत नाही, ती कोणत्या परिस्थितीत चालत होती ते पाहावं लागतं.

‘एक कोळपणी म्हणजे अर्धं ओलित’ असं आपल्याकडे म्हणतात. काळी माती वाळताना तडकते आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. कोळप्याने वरचा थर मोकळा केला की भेगा बुजतात आणि मोकळ्या मातीचं पांघरूण तयार होतं. सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. तिथल्या संशोधनातून रब्बी ज्वारीसाठी पेरणीनंतर साधारण तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात अशा तीन कोळपण्यांची शिफारस आली. म्हणीला संशोधनाने वेळापत्रक दिलं. परसात हेच काम खुरपं करतं. वांग्याच्या आळ्यात पाणी देऊन दुसऱ्या दिवशी वरची माती हलवणारी बाई तेच शास्त्र चालवत असते.

पाण्याबद्दलची सर्वांत सुंदर गोष्ट आपण दर वर्षी देवघरात पाहतो. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. आई तुळजाभवानीचा हा जिल्हा, इथे नवरात्राचं वेगळं सांगायला नको. आपल्याच रानातली काळी माती पत्रावळीवर पसरायची, त्यात पाच, सात किंवा नऊ प्रकारचं धान्य पेरायचं, मधे मातीचा घट पाण्याने भरून ठेवायचा आणि वर कारळ्याच्या, तरवडाच्या पिवळ्या फुलांच्या माळा सोडायच्या. घट पाझरत राहतो, माती ओली राहते, नऊ दिवसांत अंकूर वर येतात. दसऱ्याला ते टोपीत, फेट्यात खोवून माणसं सीमोल्लंघनाला जातात. हे सगळं रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर घडतं. कोणतं बी जोमदार आलं, कोणतं अडलं, हे सगळ्या घराला दिसतं. मला यात भक्तीइतकीच बियाण्याची परीक्षा दिसते.

तो पाझरणारा घट म्हणजे पाणी देण्याची पद्धतही आहे. कमी भाजलेलं मडकं झाडाच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरलं आणि भरून ठेवलं, की माती जितकी कोरडी तितकंच पाणी ते सोडतं. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. कुंभार संत गोरोबाकाकांचं तेर आपल्या जिल्ह्यात आहे. कुंभाराचं चाक जिथे अजून फिरतं, तिथे लिंबाचं, शेवग्याचं, सीताफळाचं रोप पहिले दोन उन्हाळे जगवायला ठिबकच्या नळीची वाट पाहण्याची गरज नाही. आठवड्यातून दोनदा मडकं भरलं तरी रोप तग धरतं.

बियाण्याचं बोलणं घटाबरोबर आलंच आहे. जुन्या घरात बियाणं हे बायकांचं खातं होतं. वेलावरचा पहिल्या बहराचा एखादा चांगला दोडका, भोपळा, काकडी तशीच पिकू द्यायची. ज्या वेलाचं फळ कडू निघालं त्याचं बी ठेवायचं नाही. दोडका वाळवून आढ्याला टांगायचा. कडधान्याचं बी राखेत घोळवून उतरंडीतल्या मडक्यात ठेवायचं. ही राख नुसती रीत म्हणून नव्हती. बारीक राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंगेऱ्याला हालचाल करू देत नाही, त्याच्या अंगावरचं मेणासारखं आवरण खरवडते आणि ओल शोषून घेते. कीड मरते आणि बी उगवायचं थांबत नाही. माहेराहून येणारी लेक पदराला वालाचं, घेवड्याचं बी बांधून आणी. असं बी गावोगाव पसरत गेलं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच खातं बियाणे बँकेच्या रूपाने उभं केलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळा न शिकलेल्या बाईकडे असलेली विद्या देशाने मान्य केली, ही मोठी गोष्ट आहे. पण आपल्या जिल्ह्यात अशा किती राहीबाई आहेत ज्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

किडीबद्दल थोडंच सांगतो. सकाळी दव असताना मावा पडलेल्या पानांवर राख भुरभुरणं, वांग्याचे सुकलेले शेंडे अळीसकट खुडून नष्ट करणं, माळव्यात झेंडू लावणं. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याने मातीतल्या सूत्रकृमींना आळा बसतो आणि दसरा-दिवाळीला फुलंही मिळतात. निंबोळ्या तर आपल्याकडे रस्त्यावर पडतात. पाच किलो निंबोळीगर भरडून रात्रभर भिजवायचा, गाळायचा, शंभर लिटरपर्यंत पाणी करायचं, थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारायचं. हा झाला पाच टक्के अर्क, विद्यापीठंही हीच शिफारस करतात. पण जुनं म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका. तंबाखूचा काढा हाताळणाऱ्या माणसालाही विषारी असतो. राख जास्त झाली तर आपल्या मुळातच विम्लधर्मी असलेल्या काळ्या मातीचं नुकसान होतं. येळवशीला रानात आंबील शिंपडतात तेव्हा जमिनीला जिवाणू मिळतात असं काही जण सांगतात. मी तसा दावा करणार नाही. ती कृतज्ञता आहे, आणि कृतज्ञतेला प्रयोगशाळेचा शिक्का लागत नाही.

घर, गोठा, परस आणि रान यांची ही घडी मोडली कशी? १९७२ च्या दुष्काळाने गोठे रिकामे केले. माणसं खडी फोडायला गेली, रेशनवरची लाल मिलो खाऊन जगली. त्याच्या आगेमागे संकरित बियाणं आलं, बोअर आले, ट्रॅक्टर आले, बैल गेले आणि बैलांबरोबर खत गेलं. भूम-कळंबच्या बाजूला दूध आणि खव्याच्या धंद्याने जनावरं टिकवली, कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण बहुतेक गावांत दावण रिकामी झाली. मग सोयाबीनने खरीप व्यापला. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर आणि लोहारा-उमरग्याकडच्या गावांत दगडमातीची घरं कोसळली, माणसं गेली. त्या ढिगाऱ्याखाली उतरंडीही फुटल्या. नवी गावं रेषेत आखली गेली, घरं भक्कम झाली, पण परस, आड, उकिरडा आणि गोठा यांची जुनी सांगड आपोआप परत आली नाही.

तरीही मी भूतकाळाचे गोडवे गाणार नाही. त्या काळात उपासमार होती. पाणवठे सगळ्यांना खुले नव्हते. परसाचं पाणी बाईच्या डोक्यावरून येत होतं, आणि जिने रान जगवलं तिचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. विद्या तिची आणि मालकी दुसऱ्याची, ही त्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी त्रुटी होती, आणि ती विद्या इतक्या सहज का मोडली याचं उत्तरही तिथेच आहे. रोख पिकाचा निर्णय पुरुषाने घेतला, भज्जीचे जिन्नस बाईच्या रानातून गेले, आणि तिला कुणी विचारलं नाही.

याच जिल्ह्यात ही त्रुटी दुरुस्त करण्याचं काम झालं आहे, आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटला पाहिजे. भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीत गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. त्यातून प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था वाढली. दुष्काळाच्या वर्षांत या बायकांनी घरच्या माणसांपुढे एक मागणी ठेवली. सगळं रान नको, अर्धा ते एक एकर आमच्याकडे द्या, त्यात काय पेरायचं ते आम्ही ठरवू. तिथे भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी, घरचं बी, गांडूळखत, कमी पाणी. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ही एक एकराची शेती गावोगावी नेली. २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला त्यामागचा विचार मोठा वाटतो. नगदी पीक उभं राहू द्या, पण घराच्या ताटाचं रान वेगळं काढा आणि ते ताट वाढणारीच्या स्वाधीन करा. जुन्या मिश्र पिकाला इथे निर्णयाचा हक्क जोडला गेला. त्याआधी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली होती, आणि पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना शासनाने पुढे आणली. हे दोन धागे एकत्र बांधायचं काम आपल्याकडे बाकी आहे.

शेवटी काही विनंत्या करतो. पहिली तरुणांना. घरातल्या, गल्लीतल्या वयस्कर बायांकडे बसा आणि त्या काय पेरत, बी कसं राखत, कोणती पालेभाजी कधी येते हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. दुसरी शिक्षकांना. शालेय पोषण आहारात परसबागेला जागा आहे. तिथे विकतची रोपं आणण्याऐवजी प्रत्येक मुलाने घरचं एक बी आणावं. तिसरी शेतकऱ्यांना. जुन्या रीतीवर आंधळा विश्वास ठेवू नका आणि तिची टिंगलही करू नका. शेजारी दोन वाफे करा, एकात जुनी रीत, दुसऱ्यात तुमची, आणि उत्पन्न, खर्च, पाणी वहीत मांडा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने शेतकऱ्याला आपल्या रानाचा संशोधक केलं ते याच वाटेने. तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला आपलं विद्यापीठ आहे, त्यांच्यासमोर ती वही उघडा. आणि चौथी विनंती घरातल्या कर्त्या पुरुषांना. यंदाच्या खरिपाआधी अर्धा एकर घरच्या लक्ष्मीच्या हवाली करा, नावासकट.

हे सगळं जमतंय की नाही ते मोजायला सरकारी अहवालाची वाट पाहायची गरज नाही. येत्या येळवशीला भज्जी ताटात आली की तिच्यात आपल्या स्वतःच्या रानातले जिन्नस किती आहेत ते मोजा आणि लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्यात दोन वाढवा. गावातल्या पन्नास घरांनी पाच वर्षं हे केलं तर त्या गावाची माती, त्याचं बियाणं आणि त्या घरांतल्या मुलांची ताटं, तिन्ही बदललेली असतील. आपल्या आज्या-पणज्यांनी याहून कमी पाण्यात आणि याहून कमी हक्कांत ते करून दाखवलं होतं. आपल्याजवळ शास्त्र आहे, कायदा आहे आणि त्यांचा अनुभव आहे. आता कारण सांगायला जागा उरलेली नाही.